मनगटावरचा वळ

व्हिडिओ कॉलवर वडिलांच्या मनगटावर काळानिळा वळ दिसला, तशी कामिनी दुसऱ्याच दिवशी यावलहून बस धरून नशिराबादजवळच्या वृद्धसेवा केंद्रात पोचली.

"आबा, हे काय झालं?" तिनं विचारलं.

उत्तर त्यांची देखभाल करणाऱ्या भाईदासनं दिलं, "बाथरूममध्ये पडले." आबांनी मुकाट मान हलवली.

भाईदास चहा आणायला गेला, तसा आबांनी लेकीचा हात घट्ट धरला. "कोनाले काही सांगू नको, माय. तू संध्याकाळी चालली जाशीन. मले अठीच राहनं हाये, त्याच्याच हाताखाली."

कामिनीची नजर दाराबाहेर, खाली ऑफिसाकडे उतरणाऱ्या जिन्याकडे गेली.



वर येण्याआधीच ती खालच्या ऑफिसात भाईदासविरुद्ध लेखी तक्रार देऊन आली होती.