तोंडी परीक्षा

संडासाच्या टाक्या बांधायला आणि उपसायला आता परवाना लागतो. त्याची तोंडी परीक्षा नाशिकला मी घेतो. एक प्रश्न मी प्रत्येकाला विचारतोच. "जोडीदार टाकीत बेशुद्ध पडला, तर तुम्ही काय कराल?"

सकाळपासून सात जण झाले. घोटीचे, चांदवडचे, इथले सिडकोतले. सातही जण म्हणाले, "उतरणार साहेब, अजून काय?" सातही नापास. अरे, टाकीतला गॅस एकाला घेऊन थांबत नाही, वाचवायला उतरणाराही तिथेच राहतो, हे किती वेळा सांगायचं?

आठवे येवल्याचे हबीबभाई. त्यांनी माझा प्रश्न पुरा होऊ दिला नाही.

"उतरायचं नाही. वरच थांबायचं. अग्निशमनला फोन करायचा, आणि दुसऱ्या कुणालाही उतरू द्यायचं नाही."

मला इतकं बरं वाटलं, की बाहेर बसलेल्या सातही जणांना मी आत बोलावलं. "ऐका जरा. हबीबभाई, सांगा यांना, तुमच्या हे एवढं पक्कं लक्षात कसं राहिलं?"

"गेल्या साली आमचा शोएब आत होता, साहेब. धाकटा भाऊ. मी वरच थांबलो, फोन केला. अब्बा उतरायला निघाले, त्यांना धरून ठेवलं. गाडी आली तोवर सगळं संपलं होतं."

उचललेला 'पास'चा शिक्का माझ्या हातातच राहिला.

"अम्मी रोज विचारते, तू वर उभा राहून काय करत होतास? त्याचं बरोबर उत्तर काय आहे, साहेब?"