सहा वर्षांची माती

कोकिळा बांधावर पोहोचली तेव्हा तिच्या वावरात ट्रॅक्टर चालू होता. मागे पलटी नांगर. चार एकर जवळजवळ उलथून झालं होतं. पलीकडच्या कडेला मक्याच्या धसकटांचा एक पट्टा तेवढा उरला होता.

तिनं दोन्ही हात वर करून हाका मारल्या. ट्रॅक्टरवरच्या पितांबरनं तिला पाहिलं आणि हसून आपलाही हात हलवला.

सहा वर्षं या जमिनीला नांगर लागला नव्हता. पीक निघालं की ती आणि तिचा नवरा अभिमन ताटं जमिनीलगत कापायचे, मुळं आतच कुजू द्यायचे आणि पुढचं बी त्या धसकटांमध्येच हातानं टोकायचे. पहिली दोन वर्षं पीक कमी आलं, गाव हसलं. चौथ्या वर्षीच्या अतिवृष्टीत शेजारची वावरं तळी झाली. यांच्या वावरात मात्र पाणी थांबलं नाही, जमिनीनं सगळं पिऊन टाकलं. आता तर काळ्या मातीत बोट सहज आत जायचं.

पितांबरनं बांधाशी येऊन इंजिन बंद केलं. तो बांधालगतचा शेजारी. पंधरा दिवसांपूर्वी अभिमन कडुनिंबाच्या झाडावरून पडला, तेव्हा यानंच त्याला गाडीत घालून धुळ्याला नेलं होतं. ऑपरेशनला रक्तही यानंच दिलं होतं.

"भाऊ तीन महिना खाटलावर शे," घाम पुसत तो म्हणाला. "तुम्ही एकट्या चार एकर कशा टोकशात, वहिनी? म्हंतं, नांगरी टाकू. आते यंत्रवरी हरभरा पेरी देसू. तुम्ही फक्त भाऊले दखा."

कोकिळानं उरलेल्या पट्ट्याकडे बोट केलं. "तितलं ऱ्हाऊ द्या, भाऊ."

"अर्धवट कसाले? पाच मिनिटनं काम शे."

अभिमनच्या अंगात या माणसाचं रक्त होतं. तिनं बोट खाली घेतलं. ट्रॅक्टर पुन्हा सुरू झाला.

तेवढ्यात दवाखान्यातून अभिमनचा फोन आला.

"वावर दखं का? ओल शे ना?"

"शे."

"धसकटंले कोनले हात लावू देजो नको. मी उठसू ना, मंग दोन्ही मिळीसन टोकसूत." मग म्हणाला, "ट्रॅक्टरना आवाज येस."

"पितांबरभाऊना शे," ती म्हणाली.

"भला मानूस शे," अभिमन म्हणाला.

फोन ठेवून तिनं पाहिलं, तोवर पट्टा संपला होता. नांगरामागे पांढरे बगळे उतरले होते, शंभरेक तरी. ओल्या ढेकळांतून जाड, लांब गांडुळं ओढून काढत होते. एक जागचा उठायच्या आत दुसरे तीन येऊन बसत होते.

पितांबर ट्रॅक्टरवरून उतरला. कमरेवर हात ठेवून कौतुकानं पाहत राहिला.

"दखा वहिनी," तो म्हणाला, "इतला बगळा मन्हा वावरमा कधीच उतरनात नई."