मशीनमधली किणकिण

"ताई, ही ऊब फक्त जुन्या मशीनमध्येच मिळते," माझा सिंथेसायझर कुरवाळत तन्मय म्हणाला.

"कसली ऊब! सगळं लॅपटॉपमध्ये आहे," ओजसने स्क्रीनवरची नजर न हटवता सांगितलं.

चाळीस वर्षांपूर्वी एका मालिकेचं शीर्षकसंगीत मी याच मशीनवर वाजवलं होतं. ते नव्याने करायचंय म्हणून या दोघांनी मला स्टुडिओत बोलावलं होतं. आखडलेली बोटं आठवडाभर घरच्या पेटीवर मोकळी करून मी आले होते. तासभर नुसता वाद चालला होता. दोघांपैकी एकालाही त्यातल्या दोन ओळी सलग वाजवता येत नव्हत्या, आणि मला कुणी वाजवा म्हणत नव्हतं.

शेवटी ओजसने जुनं रेकॉर्डिंग लावलं. सुरांमागे बारीक किणकिण ऐकू आली, तसे दोघेही डोळे मिटून डोलायला लागले.

"सर्किटची किणकिण! तुझ्या लॅपटॉपच्या बापाला जमणार नाही."

"हुबेहूब बनवलीय मी. दोन महिने खपलोय त्यासाठी," ओजस फणकारला.

मला हसू आवरेना. "अरे शहाण्यांनो, त्या माझ्या बांगड्या आहेत. नवीन लग्न झालं होतं. काढा, काढा म्हणून रेकॉर्डिस्ट ओरडून थकला, पण मी काढल्या नाहीत."

दोघेही वळून माझ्याकडे बघायला लागले. आता तरी मला वाजवायला बसवतील, म्हणून मी पदर खोचून उठले.

तन्मयने अदबीने विचारलं, "ताई, बांगड्या कुठल्या कंपनीच्या होत्या?"

"आणि एका हातात किती?" ओजसने टाइप करायला घेतलं.