वाढत्या अंगाचा फ्रॉक

धाकटीने लग्नपत्रिका शिलाई मशीनवर ठेवली, तरी ताईने पायडल थांबवलं नाही.

"लेकीचं लग्न आहे. मावशी हवीच म्हणते."

"आणि तिची आई काय म्हणते?"

अकरा वर्षांनी दोघी एकमेकींशी बोलत होत्या. धाकटीची नजर मशीन पुसायच्या फडक्यावर गेली. निळं, पांढऱ्या ठिपक्यांचं.

"हा फ्रॉक अजून आहे?" तिने तो उचलला, आणि जे बोलायचं नाही असं घोकत आली होती, तेच तोंडून गेलं. "जन्मभर तुझं उतरलेलं घातलं मी. आईने नवं शिवायचं ते तुला. लाडकी ना तू! आणि मी हा पहिल्यांदा घातला, तेव्हा दारात उभी राहून टकामका बघत होतीस. आठवतंय मला."

पायडल थांबलं.

ताईने चष्मा कपाळावर ढकलला. फ्रॉकचा घेर उलटा करून उजेडात धरला आणि उसवलेल्या टाक्यांच्या एकेका रेघेवर बोट ठेवलं.

"ही आत दुमडलेली पहिली घडी. तेव्हा गळा खांद्यावरून घसरायचा, आई पिन लावायची. वर्गातल्या पोरी मला 'गादीची खोळ' म्हणायच्या. ही दुसरी. तेव्हाही सैलच. आई म्हणायची, वाढत्या अंगाचा शिवलाय, धाकटीलाही पुरला पाहिजे. ही तिसरी. ही उसवली आणि मला तो नेमका बसला. आरशासमोर दोन गिरक्या घेतल्या मी."

"मग?"

"मग तुझा फाटला. हा तुला गेला, मला नवी खोळ आली." ताई किंचित हसली. "दारातून तेच बघत होते गं. किती छान बसलाय म्हणून."

धाकटीने फ्रॉकची नीट घडी घातली.

"लग्नात काय घालशील?"

"आहे कपाटात काहीबाही. दुसऱ्यांचं शिवता शिवता माझं राहूनच जातं."

धाकटीने ताईच्या गळ्यातली टेप काढून घेतली. "उभी राहा. सरळ."

"तुला येतं का माप घ्यायला?"

"शिकव."

ताईने शिकवलं. इथून धर, इथे आण. छातीचं माप घेताना सवयीने म्हणाली, "दोन बोटं सैल धर."

धाकटीने टेपखाली घातलेली बोटं काढून घेतली, आणि मग आकडा लिहिला.