करवंदाचं सरबत

"रंग काय सुरेख आलाय. कृती कुणाची?" महिला मंडळाच्या स्पर्धेत करवंदाच्या सरबताचा घोट घेत परीक्षक बाईंनी विचारलं.

"माझीच," मृणालिनी बोलून गेली. सरबत केलं होतं तिच्या धाकट्या जावेने, हेमांगीने, आणि ती शेजारीच पेले भरत उभी होती.

"पाक एकतारी घेता का?"

मृणालिनीला पाकातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"नाही, आमच्या ताई पाक नुसता चिकटसर ठेवतात," हेमांगी शांतपणे म्हणाली. "तार आली की बाटलीत साखर खाली बसते."

बाईंनी कौतुकाने मान डोलावली. हेमांगी पुन्हा पेले भरू लागली. हिने चारचौघांत तोंडावर पाडलं असतं तरी चाललं असतं, असं मृणालिनीला वाटलं.

पहिला नंबर तिचाच आला. टाळ्या वाजल्या, पण तिचा पाय उचलेना. शेवटी हेमांगीचा हात धरून ती व्यासपीठावर गेली.

"सरबत हिने केलंय. मी मघाशी खोटं बोलले."

टाळ्या थांबल्या. मृणालिनीला मान वर करवेना. हेमांगीने मात्र हात सोडवून घेतला नाही.