सांतियागोची वाट

अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंच्या उशाशी बसून वृंदा स्पॅनिश शिकत होती. स्पेनमधल्या सांतियागोच्या पायी यात्रेला जायचं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

"कधी निघतेस मग?" मैत्रिणीने फोनवर विचारलं.

"या एकदा सुटल्या, की लगेच." वृंदा बोलून गेली आणि वळून पाहते, तर सासूबाई टक्क जाग्या.

"अगं, माझ्या मरणाची वाट कशाला बघतेस?" त्या शांतपणे म्हणाल्या. "मी लेकीकडे राहते महिनाभर. तू जाऊन ये."

सासूबाईंना लेकीकडे पोचवून वृंदा निघाली.

स्पेनमध्ये चालताना सोबतचे यात्रेकरू विचारत, "कुणासाठी चालतेस?"

"घरी सासूबाई आजारी आहेत, त्यांच्यासाठी," ती स्पॅनिशमध्ये सांगे.

"केवढी माया!" म्हणत ते तिला मिठी मारत. वृंदाला मात्र मान वर करवत नसे.