पायाला भिंगरी

"मांडीवर बसणारा हवा, की दम काढणारा?" काकांनी फोनवर आपला ठरलेला पहिला प्रश्न टाकला.

पलीकडून लगेच उत्तर आलं नाही. फोन उचलल्यापासून या बाईंचं हेच चाललं होतं. काही विचारलं की क्षणभर गप्प, मग उत्तर. खोटं बोलणारी माणसं अशी थांबतात, असं काकांचं ठाम मत होतं.

"दम काढणारा," बाई म्हणाल्या. "फोटो पाहिलाय मी. तुमची भिंगरीच हवी."

काकांच्या कपाळावर आठी पडली. ते स्पॅनियल जातीचे कुत्रे वाढवून विकायचे. पण विकण्यापेक्षा नाही म्हणण्यातच यांची हयात गेली, असं काकू येईल त्याला सांगायच्या. घरात मुलं असतील आणि केस विंचरायला सवड असेल, तर त्यांतला कॉकर. दोन खोल्यांत राहणारं वयस्कर जोडपं असेल, तर कॅव्हेलियर. बिचारा दिवसभर मांडीवर लोळेल. स्प्रिंगर मात्र ज्याच्या पायाला भिंगरी असेल त्यालाच. त्याला रोज दोन तास पळवलं नाही, तर घराचा उकिरडा करतो.

भिंगरी स्प्रिंगर होती आणि एकदा दिलेली परत आली होती. त्या लोकांना फिरवणं जमेना, तिने सोफा फाडला, त्यांनी तिला आणून सोडलं. मग कितीतरी दिवस ती फाटकाकडे तोंड करून बसायची. तिला पुन्हा तसं बसलेलं बघायची काकांची छाती नव्हती.

"ताई, तुमच्या पायाला भिंगरी आहे का?"

पुन्हा तेच थांबणं. मग हसू. "आहे की! पण खरं सांगू, सध्या माझे पाय जमिनीवर नाहीत."

"निदान कबूल तरी करते," काकू पुटपुटल्या. त्या स्पीकरला कान लावून बसल्या होत्या.

"फिरायला जाता रोज?"

"इथे बाहेर सहसा सोडतच नाहीत. मागच्या आठवड्यात सोडलं होतं, सहा-सात तास. तेही दोरी बांधून."

काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी काकांकडे.

"दोरी... बांधून?"

"नाहीतर परत यायची पंचाईत! आत असले की मशीनवर चालवतात, पट्ट्यांनी आवळून. सहा जण आहोत, सगळ्यांचं तेच."

"आणि आंघोळ? स्प्रिंगर चिखलात लोळतो हो. त्याला सारखं धुवावं लागतं."

"आंघोळीचं विचारूच नका काका! मीच कित्येक महिने केलेली नाही. ओल्या फडक्याने अंग पुसते आपली."

काकांनी फोनवर हात ठेवला. "ही वेड्यांच्या इस्पितळातून बोलतेय," ते कुजबुजले.

"असेल. म्हणून तिने कुत्रा पाळू नये की काय?" काकूंनी डोळे वटारले. "नीट बोला तिच्याशी."

काकांनी आवाज मऊ केला. "ताई, तुम्हाला कॅव्हेलियर देतो. अगदी गुणी आहे. त्रास म्हणून नाही."

या वेळी थांबणं नेहमीपेक्षा लांबलं.

"काका, मी परत येईन तेव्हा मला धड उभंही राहता येणार नाही. पायांतला जोर जातो इथे, हाडं पोकळ होतात. डॉक्टर म्हणतात, चालत राहा, सगळं येईल परत. पण घरी मी एकटी. मांडीवर कुणी येऊन बसलं ना, तर मी उठणारच नाही. मला ओढत बाहेर नेणारी हवी. सुरुवातीला भाचा येईल दोघींना फिरवायला, तो पळतो रोज. मग मी आणि ती."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. काकांना मात्र फाटकाकडे तोंड करून बसलेली भिंगरी दिसत होती.

"विचार करून सांगतो. तुमचा नंबर द्या."

"इथे फोन लागत नाही, मलाच करावा लागतो. पण आज संध्याकाळी, अंधार पडताना, मी तुमच्यावरूनच जाणार आहे. थांबता नाही येणार. भिंगरीला घेऊन अंगणात उभे राहाल?"

"सोडतील तुम्हाला?"

"आम्ही सगळेच जाणार आहोत," बाई म्हणाल्या आणि फोन कटला.

संध्याकाळी काकांनी भिंगरीचे कान विंचरले. काकूंनी फाटकावरचा दिवा लावला. इस्पितळाची गाडी म्हणजे मोठी असणार, पांढरी असणार, असं धरून दोघं रस्त्याकडे बघत राहिले. एक सायकल गेली. मग तीही नाही. भिंगरी दोघांच्या पायात घुटमळत होती.

"नसेल सोडलं हो तिला," काकू म्हणाल्या. त्यांना फार वाईट वाटत होतं.

तेवढ्यात फोन वाजला.

"काका, अंगणात आहात ना? आले मी."

काकांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघितलं. "कुठे? इथे तर चिटपाखरू नाही."

तेच थांबणं.

"रस्त्यावर नाही हो. दिवा मालवा आणि वर बघा."

काकूंनी दिवा मालवला. समोरच्या छपरांवरून एक ठिपका वर चढत होता. सगळ्या चांदण्यांहून तेजस्वी. लुकलुकत नव्हता, आवाज नव्हता, नुसता सरळ चालला होता. काकूंच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं आणि लहान मुलीसारखा त्यांनी हात हलवला.

"दीड तासात पृथ्वीला फेरी होते आमची, फक्त आवाज खाली पोचायला क्षणभर लागतो," फोनमधला आवाज म्हणाला. "पुढच्या महिन्यात खाली येतेय. मग, देणार ना भिंगरी?"

आता थांबले ते काका. मान वर, तोंड उघडं, डोळ्यांत पाणी. ठिपका डोक्यावरून पलीकडे निघाला होता.

"सावकाश उतरा, ताई," ते कसेबसे म्हणाले. "भिंगरी तुमचीच."